निधान

गडहिंग्लजच्या एका चित्रकला मास्तरांची गाडी,
सीडी हंड्रेड, पाटीवर अजून एमएच झिरो नाईन.
खानापुरात आणली तेव्हा
जांबोटीच्या चढाला दुसरा गियर, मग पहिला,
मग मी खाली, टपालाची थैली टाकीवर,
आणि आम्ही दोघी चालत.
आमट्याच्या पोरांनी नाव ठेवलं, ढकलपोस्ट.
वळणावर उभीच असायची, बाह्या सारून.

टूलबॉक्समध्ये बनियनच्या चिंधीत
एक छोटी वही निघाली.
समास सोडून, रेखीव अक्षरात:
ऑइल बदलले. प्लग काळा. साफ केला.
तीन महिन्यांनी
प्लग काळा. साफ केला.
अकरा वर्षं तारखा बदलत जातात,
प्लग काळाच.
एका पानावर फक्त "वय झाले."
गाडीचं की त्यांचं, कळत नाही.

स्टेशन रोडचा मौनेश बडिगेर म्हणाला,
"पहाटे आण, गार असताना.
गरम इंजिनात टॅपेट खोटं बोलतंय."
आणि पाना माझ्या हातात दिला.
"तुझी गाडी. तूच खोल की."

खिडकीतून टी ची रेघ खुणेशी आणली.
फीलर गेजचं सर्वांत पातळ पातं
व्हॉल्व्हच्या डोक्यावर सरकवलं.
नट आवळला, पातं अडकलं.
सैल केला, पातं लळत लोंबत बाहेर.
पुन्हा. पुन्हा.
"चावलं पायजे, धरलं नाय पायजे," म्हणाला,
"निधान. निधान."

त्याच्या कन्नडात सावकाश.
माझ्या मराठीत पुरलेलं धन.
मी दोन्ही ऐकलं
आणि पाना केसभर मागे घेतला.

एअर फिल्टर झटकला:
कौलभट्टीच्या दारात असते तसली भुकटी,
ओंजळभर तांबडा रस्ता.
चेन दोन बोटं सैल ठेवली.
टायरमध्ये हवा, केबलमध्ये तेल,
प्लगला पॉलिशपेपर,
काळा रंग माझ्या नखांत आला
आणि मास्तरांची अकरा वर्षं
जरा जवळून दिसली.

कार्बोरेटर पुसताना बोट एका खटक्याला लागलं.
चोक.
धड वर नाही, धड खाली नाही,
अर्ध्यात गंजून बसलेला.
मौनेश वाकला. बॅटरी मारून बघितलं.
"अकरा वर्षं?" एवढंच विचारलं त्यानं,
नि हसला नाही, हे मला बरं वाटलं.

रॉकेलचे चार थेंब. एक चहा. परत चार थेंब.
टक्‌.
किक मारली. एअर स्क्रू आत, बाहेर,
जिथं आवाज चढतो तिथून मागं यायचं नाही,
मग आयडल उतरवायचा,
गाडी स्वतःशीच काही पुटपुटतेय
असं वाटेपर्यंत.

सोमवारी पेन्शनचे पैसे थैलीत घेऊन निघाले.
चढ आला. मी सवयीनं दुसरा टाकायला पाय नेला
आणि तो तसाच ठेवला.
वळणावर पोरं बाह्या सारून उभी.
तिसऱ्यात गेले त्यांच्या समोरून.
एकानं हात वर केला,
ढकलायचा होता तो, तसाच हवेत राहिला.

गुरुवारी प्लग काढला.
टोकाला बिस्किटाचा रंग, मारीचा, कडेला थोडा गडद.
वहीत लिहिलं: प्लग बरा.
मग वाटलं, ज्यांना हे कळायला हवं
ते ही वही उघडणार नाहीत.

माझ्याकडे पोस्टकार्डांची काय कमी.
पत्ता आरसी बुकातला, जुना.
लिहायला बसले: मास्तर, चोक अर्धा अडकला होता.
हे कार्ड फाडलं.
दुसरं घेतलं.
मास्तर, तुमची गाडी नीट आहे.
जांबोटीचा चढ तिसऱ्यात चढते.
तुम्ही प्लग फार निगुतीनं पुसलात,
आटे अजून नव्यासारखे आहेत.

आटे खरंच नव्यासारखे आहेत.
शिक्का मीच मारला,
निधान, शाई पसरू नये म्हणून.